उपवासकाळात काय सोडू? वाचकांचे प्रश्न

राखेचा बुधवार जवळ आला की या सदराला येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. यंदा बरीचशी पत्रं अशा लोकांची आहेत जे स्वतःला नावापुरते कॅथलिक म्हणवतात, चर्चला जाणं कधीच सुटलंय, पण हा काळ आला की काहीतरी सोडावं असं आतून वाटत राहतं आणि नेमकं काय सोडावं ते कळत नाही. जे वाचक ख्रिस्ती नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. येशूने वाळवंटात ४० दिवस उपवास केला त्याची आठवण म्हणून हा काळ पाळतात, राखेच्या बुधवारी कपाळावर राख लावून तो सुरू होतो आणि ईस्टरच्या तोंडावर संपतो, आणि या दिवसांत आवडीची एखादी गोष्ट सोडायची पद्धत आहे. पत्रांतली नावं काढलीयत, बाकी मजकूर जवळपास आहे तसाच ठेवलाय.

प्रश्न: ताई, मी मूळचा वसईचा, नोकरीमुळे आता पुण्यात. बायको हिंदू आहे, एक मुलगी आहे शाळेत जाणारी. चर्चला जाणं कॉलेजनंतर सुटलं, भांडण वगैरे काही नाही, असंच हळूहळू सुटत गेलं आणि आता देव आहे का म्हणून कोणी विचारलं तर मला खरंच उत्तर देता येत नाही. पण फेब्रुवारी-मार्च आला की घरची आठवण येते, लहानपणी आमच्याकडे ४० दिवस मटण-चिकन बंद, शुक्रवारी संध्याकाळी क्रूसाची वाट (येशूच्या क्रूसापर्यंतच्या प्रवासाची टप्प्याटप्प्याने केलेली प्रार्थना), लग्नं-पार्ट्या काही नाही. गेल्या वर्षी मी चॉकलेट आणि बिअर सोडली, दोन्ही जमलं, वजनही उतरलं, पण ईस्टरच्या दिवशी आतून काहीच वाटलं नाही. यंदा काहीतरी खरं सोडायचंय. डोक्यात चार ऑप्शन आहेत: नॉनव्हेज पूर्ण बंद, दारू बंद, बाहेरून जेवण मागवणं बंद, नाहीतर क्रिकेट बघणं बंद. यातलं काय निवडू? आणि मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) न जाता हे करणं ढोंग आहे का? माझा मोठा भाऊ हे ऐकेल तर हसेलच, अर्थात वडिलांच्या घराच्या वाटणीवरून आमचं बोलणं बंद आहे, सगळं गिळून बसलाय आणि वर रोज सकाळी मिस्साला जातो, त्यामुळे चर्चबद्दल मला काय वाटतं ते तुम्ही समजू शकाल.

उत्तर: ढोंगाचं आधी बोलू, कारण तेच तुम्हाला जास्त टोचतंय असं दिसतं. राखेच्या बुधवारी मिस्सामध्ये बायबलमधल्या मत्तयच्या सहाव्या अध्यायातला उतारा वाचतात, तुम्हीही लहानपणी ऐकला असेल, त्यात येशू ढोंगी म्हणतो ते कोणाला, तर लोकांना दिसावं म्हणून तोंड सुकवून फिरणाऱ्यांना. तो म्हणतो उपवास करशील तेव्हा तोंड धू, डोक्याला तेल लाव, कोणाला पत्ता लागू देऊ नकोस. तुम्ही पुण्यातल्या फ्लॅटमध्ये बसून, कोणालाही न दाखवता, खात्री नसताना काहीतरी सोडू बघताय, यात ढोंग कुठे आलं? आणि बाप्तिस्मा पुसला जात नाही ही चर्चचीच शिकवण आहे, किती वर्षं लांब राहिलात तरी.

शिवाय गंमत अशी की काहीतरी सोडलंच पाहिजे असा चर्चचा नियमच नाही. १९८३ साली आलेल्या चर्चच्या कायद्यात या बाबतीत मोजक्या गोष्टी आहेत. राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दोन दिवशी उपवास, म्हणजे एकदाच पोटभर जेवण आणि बाकी दोन वेळा थोडंसं, तेही १८ वर्षं पूर्ण झाल्यापासून साठावं लागेपर्यंत, आणि त्या दोन दिवशी व शुक्रवारी मांस नाही, हे १४ वर्षांपासून पुढच्या सगळ्यांना. चॉकलेट, बिअर, सिरियल, क्रिकेट यातलं काही तिथे नाही, ती लोकांनी आपणहून धरलेली रीत आहे, त्यामुळे ती पाळायला तुम्हाला कोणाची परवानगी लागत नाही आणि देव आहे की नाही याचा निकाल आधी लागला पाहिजे असंही काही नाही. मी धर्मशिक्षणाचे वर्ग घेतलेत, श्रद्धा ठेवणारी बाई आहे, आणि तरी हे मनापासून सांगते की निकाल लागेपर्यंत थांबलात तर थांबूनच राहाल.

आता तुमचे चार ऑप्शन. गेल्या वर्षी ईस्टरला काही वाटलं नाही, त्याचं कारण मला तुमच्याच वाक्यात दिसतं, वजन उतरलं. सोडलेल्याचा सगळा फायदा तुमच्याकडेच परत आला. चांगलं झालं, पण ते डाएट झालं. दुसऱ्या शतकात रोममध्ये लिहिलेल्या एका ख्रिस्ती लिखाणात उपवासाची पद्धत सांगितलीय ती मला फार आवडते. त्या दिवशी फक्त भाकरी आणि पाणी घ्यायचं, मग त्या दिवशी जेवणावर किती खर्च झाला असता त्याचा हिशोब करायचा आणि तेवढे पैसे विधवेला, अनाथाला किंवा गरजू माणसाला द्यायचे. उपवास तेव्हाच पुरा होतो. त्यापुढे तीनेकशे वर्षांनी पोप पहिले लिओ हेच सांगतायत, की आपल्या सुखातून जे काढलं ते गरिबाच्या ताटात पडू दे. आपल्याकडे कॅरिटास इंडिया ही चर्चची मदतसंस्था दर उपवासकाळात भुकेच्या आणि रोगराईच्या विरोधात मोहीम चालवते त्याच्या मागेही हाच धागा आहे. म्हणजे त्यागाच्या दुसऱ्या टोकाला एक माणूस असायला हवा.

त्या हिशोबाने बघा. नॉनव्हेज सोडलं तर तुम्ही मासे खाणार, आणि ते नियमात बसतंही, कारण नियम मांसाचा आहे माशांचा नाही, पण वसईच्या माणसाने मटण सोडून सुरमई, पापलेट खायचं यात सोडलं काय? खर्च उलट वाढतो. दारू सोडणं चांगलंच, पण गेल्या वर्षी ते सहज जमलं असं तुम्हीच लिहिलंय, म्हणजे तिथे तुमचं काही अडकलेलं नाही. क्रिकेट सोडलंत तर मोकळी संध्याकाळ कोणाला देणार ते आधी ठरवा, नाहीतर फोन उघडाल आणि तिथेच स्कोअर बघाल. राहिलं बाहेरून मागवणं. ते मला आवडलं, कारण त्याचं बिल असतं. दर शुक्रवारी मागवायचं नाही, घरी डाळ-भात करायचा, आणि जे पाचशे-सातशे गेले असते ते त्याच रात्री कोणाला तरी पाठवायचे, महिन्याच्या शेवटी एकदम नाही, त्याच रात्री. मुलीला हवं तर तिला हिशोब करू दे.

पण हे सगळं बाजूला ठेवून मला तुमच्या पत्रातल्या शेवटच्या वाक्याबद्दल बोलायचंय, जे तुम्ही अर्थात म्हणून जाता जाता लिहून टाकलंय. बाकीच्या पत्रात तुम्ही शांत आहात आणि तिथे आल्यावर तुमची भाषा बदलली, गिळून बसलाय, वर रोज मिस्सा.

एक जुनी घटना सांगते. सन ३८७, अंत्युखिया शहर, आताच्या तुर्कस्तानातलं अंताक्या. रोमन बादशहा थिओडोसियसने नवा कर लावला, लोक भडकले, दंगल झाली आणि त्यात बादशहाचे आणि त्याच्या घरच्यांचे पुतळे पाडून रस्त्यातून फरफटत नेले. राग उतरल्यावर सगळ्यांच्या पोटात गोळा आला, कारण अशा अपमानाला शिक्षा काय होते ते माहीत होतं. म्हातारे बिशप फ्लेवियन माफी मागायला राजधानीला निघाले, आणि मागे त्यांचे एक धर्मगुरू, जॉन, ज्यांना पुढे क्रिसोस्टोम म्हणू लागले, ते उपवासकाळ सुरू असताना त्या घाबरलेल्या शहराला प्रवचनं देत राहिले. आता मृत्यू दारात उभा असताना लोक उपवास तर करतच होते, कडक करत होते. जॉन त्यांना म्हणाले, पक्षी आणि मासे खायचं सोडलंत आणि आपल्याच भावांना चावून खाताय, मग काय उपयोग? आणि त्या ४० दिवसांसाठी त्यांनी लोकांकडे तीन गोष्टी मागितल्या: कोणाबद्दल वाईट बोलू नका, कोणाला शत्रू मानू नका, आणि ऊठसूट शपथा घ्यायची सवय तोंडातून काढून टाका. फ्लेवियन ईस्टरच्या सुमारास माफी घेऊन परत आले.

मला तुमच्याकडे यातली पहिलीच गोष्ट मागायचीय. ४० दिवस भावाची गोष्ट सांगायची नाही.

नीट समजून घ्या, मी तुम्हाला वाटणीतला हक्क सोडा म्हणत नाहीये. वकील असेल तर वकिलाशी बोला, कागद लागतील ते द्या, तारखेला जा, तिथे जे खरं आहे ते सांगा. भावाला फोन करून मिठी मारा असंही म्हणत नाहीये, कारण समेटाला दोन माणसं लागतात आणि दुसरा माणूस तुमच्या हातात नाही, ज्याच्यावर आपला ताबाच नाही ते सोडतो म्हणणं हा त्याग होत नाही. तुमच्या हातात एवढंच आहे की जेवताना, गाडीत, मित्राबरोबर बसल्यावर, मामेभावाच्या फोनवर ती गोष्ट पुन्हा एकदा सुरुवातीपासून सांगायची की नाही. वसईत जमिनीचे भाव वाढले तशा या गोष्टी घराघरात झाल्या, विहिरीवरून, वाडीवरून, बिल्डरला कोणी सही दिली त्यावरून, आणि मी अशा घरांत बसलेली आहे जिथे भांडण वीस वर्षांपूर्वी संपलंय आणि सांगणं अजून चालू आहे. सांगण्यात सुख असतं हो. आपण बरोबर होतो हे दरवेळी नव्याने सिद्ध होतं, ऐकणारा मान हलवतो. बिअरपेक्षा ते सुख मोठं आहे आणि म्हणूनच तुमच्या यादीत ते आलं नाही. आणि तुमची मुलगी ते ऐकतेय, तिला काकाची दुसरी कुठलीच ओळख नाही.

त्याच मत्तयमध्ये, पाचव्या अध्यायात, येशू म्हणतो की वेदीपाशी दान घेऊन आलास आणि तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन त्याच्याशी समेट कर. यात बघा, भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध, असं आहे. तुझ्या मनात भावाविरुद्ध काय आहे ते तिथे विचारलेलंच नाही. त्याच्या मनात काय असेल याचा विचार तुम्ही शेवटचा कधी केलात ते मला माहीत नाही, पण गोष्ट सांगणं बंद झालं तर त्याला जागा होईल. त्यातून त्याचं म्हणणं खोटं आहे असाच निष्कर्ष निघाला तरी चालेल.

कसं करायचं ते सांगते. बायकोला सांगा, तिला लगेच जाणवेलच, बाकी कोणाला सांगू नका. नातेवाईकाने विषय काढला तर आत्ता त्यावर बोलत नाही एवढंच म्हणा, कारण देऊ नका, कारण द्यायला गेलात की तीच गोष्ट सुरू होते. एखाद्या दिवशी तोंडातून निघून गेलं तर हिशोब मांडत बसू नका, दुसऱ्या दिवशी पुन्हा धरा. आणि सोबत शुक्रवारची ती डाळ-भाताची गोष्ट ठेवाच, कारण नुसता मनातला त्याग चार दिवसांत विसरायला होतो, पोटाला काहीतरी कळायला लागतं. प्रार्थना येत नसेल तर राहू दे. वाटलंच तर एखाद्या शुक्रवारी जवळच्या चर्चमध्ये क्रूसाच्या वाटेला जाऊन मागे उभे राहा, १४ स्थानं, अर्धा-पाऊण तास, नुसती क्रूसाची वाट असेल तर कम्युनियन (मिस्सामध्ये देतात ती पवित्र भाकर) नसतं त्यामुळे घ्यायचं की नाही हा पेचही येत नाही. पुढे कधी मिस्साला जावंसं वाटलं तर एखाद्या फादरांशी मोकळेपणाने बोला, लग्नाचं वगैरे काय करायचं ते तेच सांगतील. यंदाच्या यादीत ते घालू नका.

प्रश्न: ताई, मी नालासोपाऱ्याची, डब्लिनमध्ये नर्स आहे. माझ्या वॉर्डातल्या आयरिश मुली चर्चला पाय ठेवत नाहीत, लहान मुलांवर झालेल्या अत्याचारांमुळे त्यांच्या मनात चर्चबद्दल प्रचंड राग आहे, पण उपवासकाळ आला की प्रत्येक जण विचारतो, तू काय सोडतेयस, कोणी गोड, कोणी वाईन. मीही आता जात नाही आणि रागही आहे. मग मी नेमकं कोणासाठी काय सोडायचं? राग सोडू का?

उत्तर: राग सोडू नकोस. तो या बाबतीत पाप नाही. तुमच्याकडे २००९ साली दोन सरकारी चौकश्यांचे अहवाल आले, मे महिन्यात रायन अहवाल आणि नोव्हेंबरमध्ये मर्फी अहवाल, पहिला धर्मसंस्थांनी चालवलेल्या मुलांच्या वसतिगृहांबद्दल आणि दुसरा डब्लिनच्या धर्मप्रांतात तक्रारी कशा दाबल्या गेल्या त्याबद्दल. त्यानंतर २०१० च्या मार्चमध्ये, म्हणजे उपवासकाळातच, पोप बेनेडिक्ट यांनी आयर्लंडच्या कॅथलिकांना पत्र लिहिलं आणि पुढच्या ईस्टरपर्यंतचं शुक्रवारचं प्रायश्चित्त या कारणासाठी करा असं सांगितलं. पुष्कळ लोक दुखावले, गुन्हा केला कोणी, झाकला कोणी आणि प्रायश्चित्त आम्ही का करायचं. मला त्यांचं म्हणणं पटतं. दुसऱ्याच्या गुन्ह्याचं प्रायश्चित्त तुझ्याकडे कोणी मागू शकत नाही आणि तू ते अंगावर घेऊही नकोस.

पण तुझ्या मैत्रिणी जे करतात त्याला नुसती रूढी म्हणून मी मोडीत काढणार नाही. चर्चवरचा विश्वास उडाला, गुड फ्रायडेला पब बंद ठेवायचा १९२७ पासूनचा कायदा २०१८ मध्ये रद्द झाला, आणि तरी वसंत ऋतूच्या तोंडावर आपल्या हावेला जरा आवर घालायचा हे त्यांच्या अंगात राहिलंय. त्यांना राहिलेल्या गोष्टीचं काय करायचं हे त्यांचं त्या बघतील. तुला विचारशील तर, तुझा राग ज्या मुलांसाठी आहे त्यांच्या बाजूला काहीतरी जाऊ दे. वाईनचे पैसे असतील तर ते अत्याचारातून वाचलेल्यांना मदत करणाऱ्या स्थानिक संस्थेला दे, चर्चच्या पेटीत टाकायची गरज नाही. वाईन घेत नसशील तर महिन्यातून एक ओव्हरटाइमची शिफ्ट नाकार आणि तो वेळ मुलांसाठी काम करणाऱ्या एखाद्या ठिकाणी दे, नर्सला लोक नाही म्हणत नाहीत. आणि दुष्काळ, युद्ध या कारणांसाठी द्यावंसं वाटलं तर त्रोकेरा या मदतसंस्थेची दानाचे पैसे टाकायची पुठ्ठ्याची पेटी तुझ्या ओळखीच्या कितीतरी घरांत असेल, ती संस्था १९७३ साली आयर्लंडच्या बिशपांनीच काढली, तेव्हा ते चालणार का ते तुझं तू ठरव. १७ मार्चला सगळे सोडलेलं एक दिवस पुन्हा धरतात, सेंट पॅट्रिकचा दिवस उपवासकाळातच येतो दरवर्षी, त्या दिवशी त्यांच्याबरोबर खुशाल केक खा.

प्रश्न: मी २२ वर्षांची आहे. दोन वर्षांपूर्वी खाऊन उलट्या करायची सवय लागली होती, आता खूप बरी आहे. यावेळी ४० दिवस एकवेळ जेवायचं ठरवलंय, आई-बाबा चर्चवाले आहेत त्यामुळे घरी कोणी अडवणार नाही, मी स्वतः तेवढी धार्मिक नाहीये. चालेल ना?

उत्तर: नाही चालणार, आणि हे मी प्रेमाने पण स्पष्ट सांगतेय. घरी कोणी अडवणार नाही हे तू स्वतःच लिहिलंस, तिथेच मला काळजी वाटली. जेवण ही तुझ्यासाठी आत्ता सोडायची गोष्ट नाही, धरायची गोष्ट आहे. चर्चचे उपवासाचे नियमही आजारी माणसाला, गरोदर बाईला लागू होत नाहीत आणि तुझं दुखणं हे दुखणंच आहे, शरीरावर दिसत नसलं म्हणून काय झालं. राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडेलाही तू तीन वेळा जेव.

तुला सोडायचंच असेल तर वजनकाटा सोड. तो उचलून मावशीकडे नाहीतर मैत्रिणीकडे दे, ईस्टरपर्यंत परत मागायचा नाही. कॅलरी मोजणारं ॲप असेल तर तेही काढ. मला खात्री आहे की एकवेळ जेवण्यापेक्षा तुला हे जड जाईल, पहिला आठवडा तर फारच. आणि ज्या डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकाकडे तू तेव्हा जात होतीस त्यांना हा ४० दिवसांचा विचार मनात आला होता एवढं या आठवड्यात कळव. आई-बाबांना खरं कारण सांगायचं नसेल तर डॉक्टरांनी उपवास करायला मनाई केलीय एवढं सांग, चर्चवाल्या आई-बाबांना ते पुरतं. मला पुन्हा लिही, नाव न घालता लिहिलंस तरी चालेल.

प्रश्न: इन्स्टा सोडतेय उपवासकाळात. मैत्रीण म्हणते रविवारी चालतं, रविवार मोजत नाहीत. खरं का? मी चर्चला ईस्टर-ख्रिसमसलाच जाते.

उत्तर: मैत्रिणीचं गणित बरोबर आहे. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत मोजलेस तर ४६ दिवस होतात, त्यातले ६ रविवार काढले की ४० उरतात. प्रत्येक रविवार हा येशूच्या पुनरुत्थानाचा दिवस, त्या दिवशी उपवास धरत नाहीत, ही जुनी परंपरा आहे. पण स्वतः सोडलेल्या गोष्टीला रविवारची सूट घ्यायची की नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं असतं. तू ते बुधवारच्या आधी ठरव, शनिवारी रात्री ठरवायला बसलीस तर उत्तर एकच येणार. फोनच्या बाबतीत माझं मत सूट घेऊ नये असं आहे, कारण रविवारी उघडलं की आठवड्याभराचं सगळं बघून काढण्यात दिवस जातो. पोप फ्रान्सिस २०२० च्या राखेच्या बुधवारी म्हणाले होते की टीव्ही बंद करायचा आणि बायबल उघडायचं हा काळ आहे, मोबाईलपासून सुटून शुभवर्तमानाशी जोडून घ्यायचा, आणि त्याच वेळी फालतू बडबड, अफवा, चहाड्या सोडायलाही त्यांनी सांगितलं होतं. बायबल उघडशील न उघडशील, पण रिकामा हात कुठे जाणार ते आधी ठरव. आजी असेल तर आजीला रोज फोन कर, सर्वात सोपं आणि सर्वात चांगलं.

प्रश्न: मी कोल्हापूरची, हिंदू. नवरा कॅथलिक आहे पण लग्न झाल्यापासून मी त्याला कधी चर्चमध्ये जाताना पाहिलं नाही. परवा अचानक म्हणाला, बुधवारी राख घेऊन येतो. मला त्याच्याबरोबर जायचंय. गेलेलं चालतं का, आणि राख मीही घेतली तर?

उत्तर: जरूर जा. राख हा संस्कार नाही, ती कोणीही घेऊ शकतं, चर्चला न येणारा घेऊ शकतो आणि ख्रिस्ती नसलेलाही घेऊ शकतो, कोणी काही विचारत नाही. कम्युनियन मात्र घेऊ नका, लोक रांगेत उभे राहतील तेव्हा जागेवर बसून राहिलात तरी चालतं, नवराही कदाचित बसून राहील. राखेची रांग आणि कम्युनियनची रांग वेगळी असते, आधी राख. ही राख आदल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी वाटलेल्या झावळ्या जाळून केलेली असते, गावात ज्यांनी त्या झावळ्या वर्षभर देवाच्या फोटोपाशी खोचून ठेवलेल्या असतात ते या दिवसांच्या आधी चर्चमध्ये आणून देतात. राख लावताना फादर दोनपैकी एक वाक्य म्हणतात, एक म्हणजे तू माती आहेस आणि मातीला मिळशील हे लक्षात ठेव, दुसरं म्हणजे पश्चात्ताप करा आणि शुभवर्तमानावर विश्वास ठेवा. इटलीत वगैरे राख डोक्यावर टाकतात, आपल्याकडे कपाळावर क्रूस काढतात. टिकली काढायची गरज नाही.

बुधवार कामाचा दिवस असल्यामुळे बहुतेक ठिकाणी सकाळी आणि संध्याकाळी अशी मिस्सा असते, चर्चच्या ऑफिसात फोन करून वेळ विचारून घ्या, गर्दी असते म्हणून जरा आधी पोचा. आणि त्या दिवशी उपवास आणि मांसबंदी दोन्ही असतं, त्यामुळे तो दिवसभर जवळपास उपाशी असेल, घरी आल्यावर साधं काहीतरी करा, पिठलं-भात चालेल, तांबडा रस्सा दुसऱ्या दिवशी.